‘ऑलमोस्ट फेमस’मधला विल्यम मिलर चांगला वार्ताहर आहे का?

पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे. वर्गात ‘ऑलमोस्ट फेमस’ हा चित्रपट दाखवला गेला आणि त्यानंतर वाद झाला. लेस्टर बँग्ज हा मुरलेला समीक्षक १५ वर्षांच्या विल्यमला बजावतो की रॉक कलाकारांशी मैत्री करायची नाही. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकासाठी स्टिलवॉटर या रॉक बँडच्या दौऱ्यावर गेलेला विल्यम नेमकी तीच करतो आणि तरीही त्याचा लेख शेवटी मुखपृष्ठावर झळकतो. मग तो सल्ला चुकीचा होता का, विल्यमला पत्रकार म्हणून किती गुण द्यायचे, आणि यातले खरोखर घडलेले किती? शिवाय चित्रपटाची कोणती आवृत्ती पाहावी, हेही तिने विचारले आहे. संगीतावर लिहिण्यात आणि इतरांचा मजकूर तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. लेस्टरचा पहिला सल्ला समीक्षकाचा आहे आणि विल्यमला मिळालेले काम वार्ताहराचे आहे. समीक्षकाला घरी बसून तबकडी ऐकता येते, ती वाईट असेल तर तसे लिहिता येते, आणि गायकाचे तोंड पाहण्याची वेळ त्याच्यावर येतेच असे नाही. वार्ताहराला बसमध्ये, हॉटेलच्या खोलीत आणि मंचामागच्या अंधारात दिवसच्या दिवस हजर राहावे लागते. त्याने सलगी टाळावी अशी अपेक्षा करणे म्हणजे पाण्यात उतरून कोरडे राहायला सांगण्यासारखे आहे. म्हणून विल्यमची परीक्षा त्याने मैत्री केली की नाही यावर घ्यायची नसते. तो टाइपरायटरसमोर बसल्यावर त्या मैत्रीचे काय झाले, हे पाहायचे असते.

आता खरे किती, ते पाहू. लेखक-दिग्दर्शक कॅमेरन क्रो यांचा जन्म जुलै १९५७ मधला. ते सॅन डिएगोत वाढले, शाळेत वरच्या इयत्तांत ढकलले गेल्यामुळे वर्गात कायम सर्वांत लहान राहिले, आणि शाळकरी वयातच तिथल्या एका पर्यायी वृत्तपत्रात तबकड्यांची परीक्षणे लिहू लागले. डिसेंबर १९७३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर ऑलमन ब्रदर्स बँडवरचा त्यांचा लेख आला, तेव्हा ते १६ वर्षांचे होते. या बँडने १९७१ मध्ये ड्युएन ऑलमन आणि १९७२ मध्ये बेरी ओकली असे दोन साथीदार मोटरसायकलच्या अपघातांत गमावले होते, आणि पत्रकारांविषयी त्यांच्या मनात अढी होती. दौऱ्याच्या अखेरीस बँडचे गायक ग्रेग ऑलमन यांना या पोराचा संशय आला. त्यांनी त्याला खोलीवर बोलावून ओळखपत्र मागितले आणि मुलाखतींच्या सगळ्या टेप काढून घेतल्या. पुढे त्या परत मिळाल्या, असे क्रो यांनी अनेकदा सांगितले आहे. चित्रपटातला स्टिलवॉटरचा गिटारवादक रसेल हॅमंड ऐनवेळी आपलीच विधाने नाकारतो, त्या प्रसंगाचे मूळ मला इथे दिसते. स्टिलवॉटर हा बँड काल्पनिक आहे. त्यात ऑलमन ब्रदर्स आहेत, लेड झेपेलिन आहे, लिनर्ड स्किनर्ड आणि ईगल्सही आहेत. लेस्टर बँग्ज आणि ‘रोलिंग स्टोन’चे संपादक बेन फाँग-टॉरेस या व्यक्ती मात्र खऱ्या आहेत आणि चित्रपटात खऱ्या नावानेच येतात.

बँडमधले लोक विल्यमला ‘शत्रू’ म्हणून हाक मारतात, त्यालाही इतिहास आहे. १९६८ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या तेव्हाच्या पाक्षिकात समीक्षक जॉन लँडाऊ यांनी गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या वादनाची चिरफाड केली होती, आणि ती वाचून आपण खचलो व ‘क्रीम’ या आपल्या बँडमधून बाहेर पडण्याचा विचार पक्का झाला, असे क्लॅप्टन स्वतः सांगत. लेड झेपेलिनच्या सुरुवातीच्या तबकड्यांना ‘रोलिंग स्टोन’ने झोडपले होते, आणि त्या रागापायी हा बँड या नियतकालिकाशी बोलत नसे. त्यांचे मन वळवून मार्च १९७५ ची मुखपृष्ठकथा मिळवणारा पोरगा पुन्हा कॅमेरन क्रोच होता. म्हणजे क्रो यांची सगळी कारकीर्द ज्या गुणावर उभी राहिली तो गुण लोकांना आवडण्याचा होता. लेस्टरला गुरू मानणाऱ्या दिग्दर्शकाने त्याच्या सल्ल्याच्या नेमके उलटे वागून नाव कमावले, ही या चित्रपटातली खरी गंमत आहे, आणि क्रो ती लपवत नाहीत.

लेस्टरची बाजूही समजून घ्यायला हवी. खरे बँग्ज कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोजवळ एल कहोनला वाढले. १९६९ पासून ते ‘रोलिंग स्टोन’मध्ये परीक्षणे लिहीत आणि पुढे डेट्रॉइटच्या ‘क्रीम’ मासिकाचे संपादक झाले. (हे मासिक आणि क्लॅप्टन यांचा बँड यांची नावे देवनागरीत सारखी दिसतात, तेवढा घोटाळा सांभाळून घ्यावा.) १९७३ मध्ये, म्हणजे चित्रपट घडतो त्याच वर्षी, संगीतकारांचा अनादर करतात या कारणावरून ‘रोलिंग स्टोन’ने त्यांना दूर केले. हे लक्षात घेऊन तो उपाहारगृहातला प्रसंग पुन्हा पाहा. फिलिप सिमोर हॉफमन यांनी रंगवलेला तो अवजड, जागरणाने सुजलेला माणूस एका मुलाला सावध करतो आहे, कारण जवळीक विकत घेणारे नियतकालिक कसे वागते हे त्याने स्वतः भोगले आहे. बँग्ज ३३ व्या वर्षी, १९८२ मध्ये वारले.

पैशांची बाब चित्रपट हसत-खेळत सांगतो, पण आपल्या धंद्यातल्या माणसाचे कान तिथे टवकारतात. लेस्टर ब्लॅक सॅबथ या बँडवर १००० शब्दांसाठी ३५ डॉलर देतो. बेन फाँग-टॉरेस स्टिलवॉटरवर ३००० शब्दांचे १००० डॉलर कबूल करतो. म्हणजे एका ठिकाणी शब्दाला साडेतीन सेंट आणि दुसऱ्या ठिकाणी ३३ सेंट, जवळजवळ दहापट. त्यातही विल्यम घासाघीस करत नाही. समोरून आकडा आल्यावर त्याला काय बोलावे ते सुचत नाही, आणि ती शांतता संपादकाला मुरब्बीपणा वाटते, म्हणून आकडा वाढतो. नवोदितांना मानधनाविषयी याहून उपयुक्त धडा मी तरी कुठल्या वर्गात दिलेला नाही. त्याच संपादकाचे ‘मोजो’ यंत्राविषयीचे कौतुकही ऐकण्यासारखे आहे. दूरध्वनीवरून कागद पाठवणारे हे यंत्र एका पानाला फक्त १८ मिनिटे घेते. पानाला २५० शब्द धरले तर ३००० शब्दांची १२ पाने होतात, आणि ती पोहोचायला साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. डेडलाइन म्हणजे काय, हे त्या काळी घड्याळाने नव्हे तर पानांनी मोजले जाई.

आता विल्यमच्या उणिवा. त्याची पहिली आणि सर्वांत मोठी चूक ही की, मुख्य मुलाखत तो पुढे ढकलू देतो. रसेल आज नको, उद्या बसू, पुढच्या गावी निवांत बोलू, असे म्हणत राहतो आणि मुलगा शहरामागून शहरे ओलांडत त्याच्या मागे फिरतो. मोठ्या कलाकारांना ही युक्ती जन्मजात येते. नकार दिला तर पत्रकार निघून जाईल आणि होकार दिला तर त्याचे काम संपेल, म्हणून त्याला टांगते ठेवायचे. तोवर तो त्यांच्या ताटात जेवतो, त्यांच्या विनोदांवर हसतो, आणि मुलाखतीची वेळ येते तेव्हा अवघड प्रश्न विचारण्याची त्याची हिंमत विरघळलेली असते. मी नव्या वार्ताहरांना नेहमी सांगतो की, अर्धा तास का होईना, टेपरेकॉर्डर लावून पहिल्या दोन दिवसांतच बसून घ्या. बाकीचा सहवास मग लेखाला रंग भरायला कामी येतो, लेखाचा पाया म्हणून त्याच्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

दुसरे, त्याचे प्रश्न पाहा. दुःखी गाणे लिहायला माणूस दुःखी असावा लागतो का, प्रेमगीतासाठी प्रेमात असावे लागते का, असे तो वहीत लिहून आणलेले प्रश्न विचारतो. हे प्रश्न हुशार आहेत, पण त्यांत उत्तराचा अर्धा भाग आधीच भरलेला आहे, आणि ऐकणाऱ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटले की रस्ता बंद. शेवटच्या दृश्यात, स्वतःच्या घरी, स्वतःच्या खोलीत तो रसेलला एवढेच विचारतो की, तुला संगीताबद्दल काय आवडते. त्यावर रसेल बोलायला लागतो. चित्रपटाच्या दृष्टीने तो भावुक शेवट आहे, मुलाखतीच्या तंत्राच्या दृष्टीने तो सरळसाधा मोकळा प्रश्न आहे, जो त्या मुलाला सुरुवातीला विचारता आला नाही, कारण तेव्हा त्याला शहाणे दिसायचे होते. जाता जाता, या चित्रपटातली सर्वांत कठोर मुलाखत विल्यम घेतच नाही, त्याची आई घेते. फ्रान्सेस मॅकडोर्मंड यांनी साकारलेल्या या प्राध्यापिकेला रसेल दूरध्वनीवर मोहिनी घालू पाहतो आणि ती त्याची ती मोहिनी ऐकूनही घेत नाही. आपल्या मुलाला काही झाले तर काय होईल ते सांगते, जर्मन कवी गटे याचे वचन ऐकवते, आणि तू अजूनही चांगला माणूस होऊ शकतोस असे बजावून फोन ठेवते. रिसीव्हर हातात धरून उभ्या असलेल्या रसेलचा चेहरा पाहा. तिला त्याच्याकडून काहीही नको आहे, एवढेच तिच्या बळाचे रहस्य आहे. ही व्यक्तिरेखा क्रो यांच्या आईवर, ॲलिस क्रो यांच्यावर बेतलेली आहे.

विल्यमच्या बाजूने सांगायचे झाले तर तो पाहतो उत्तम. टी-शर्टचा प्रसंग घ्या. बँडचे नवे टी-शर्ट खोक्यातून बाहेर येतात. छायाचित्रात रसेल स्पष्ट आहे आणि बाकीचे तिघे मागे धूसर. गायक जेफ बीब भडकतो आणि आपण म्हणजे फक्त धूसर दिसणाऱ्यांपैकी एक झालो असे ऐकवतो. भांडण टी-शर्टवरून सुरू होऊन कोण किती गुणी, कोण किती देखणा आणि बँड नक्की कोणाचा इथपर्यंत जाते. मध्येच त्यांना आठवण होते की, शत्रू खोलीतच बसला आहे. एका स्वस्त कापडी तुकड्यात बँडची पुढची सगळी फाटाफूट आधीच छापून आलेली आहे. असा प्रसंग मुलाखतीत कोणी सांगत नाही. तो खोलीत असणाऱ्यालाच मिळतो, आणि खोलीत राहू देण्याइतके तुम्ही त्यांना आवडलेले असावे लागता. लेस्टरच्या सल्ल्याची मर्यादा इथे उघड होते.

पण मिळालेला प्रसंग कागदावर उतरला पाहिजे. विल्यमचा पहिला मसुदा संपादकांना चाहत्याने लिहिलेल्या स्तुतीसारखा वाटतो, आणि तो तसाच असणार, कारण रसेलने त्याला आम्हाला झकास दिसू दे एवढीच विनंती केली होती आणि त्याने ती मान राखून पाळली. त्याआधी लेस्टरच्याच शिकवणीवरून, प्रसिद्धीच्या कठोर प्रकाशात आपल्या मर्यादांशी झगडणाऱ्या मध्यम दर्जाच्या बँडवरचे हे चिंतन आहे, अशी थाप तो संपादकाला देतो. संपादक खूश होतो. ही थाप कोणत्याही पुरवणीच्या बैठकीत आजही खपेल.

रात्री तो लेस्टरला फोन करतो, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या संभाषणात आहे. लेस्टर आधी टोमणा मारतो की, तू त्यांच्याशी मैत्री केलीस ना. मग मात्र तो आपलाच सल्ला दुरुस्त करतो: त्यांचा खरा मित्र व्हायचे असेल तर प्रामाणिक राहा आणि दयामाया दाखवू नकोस. वर्गातल्या वादात पहिल्या भेटीतले वाक्य सगळ्यांना आठवत असेल. हे दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. त्यानंतर विल्यम लेख नव्याने लिहितो आणि सुरुवात करतो ती वादळात सापडलेल्या विमानापासून, टुपेलोच्या आकाशात, सगळे मरणार या क्षणापासून. ही रचना अचूक आहे. सर्वांत शेवटी घडलेला, ज्यात सगळ्यांचे मुखवटे गळाले, तो प्रसंग आधी घेतला की उरलेला दौरा वाचक वेगळ्या नजरेने वाचतो.

यानंतर तथ्यतपासणीचा भाग येतो, आणि माझ्या मते चित्रपट तिथे थोडा लंगडतो. नियतकालिकाची तपासनीस रसेलला फोन लावते, तो बहुतेक मजकूर नाकारतो, आणि लेख बाद होतो. प्रत्यक्षात एका माणसाच्या नकाराने लेख पडत नाही, पडू नये. विमानात बँडचे इतर सदस्य होते, व्यवस्थापक होते. त्यांना फोन का गेले नाहीत? विल्यमच्या नोंदी कोणी ओळ न् ओळ तपासल्या का? शिवाय विमानातून उतरल्यावर रसेलने स्वतः त्याला हवे ते लिही अशी मोकळीक दिली होती, म्हणजे ‘हे छापायचे नव्हते’ ही सबब त्याला उरत नाही. त्याचा नकार हा निव्वळ भित्रेपणा आहे, आणि पुढे तो स्वतःच फोन करून सर्व खरे असल्याचे कळवतो म्हणून लेख वाचतो. लेखाचे भवितव्य स्रोताच्या सदसद्विवेकावर सोडणे नाट्यासाठी ठीक. कामाच्या शिस्तीसाठी नाही. उलट टोकाचे उदाहरण याच नियतकालिकाने पुढे दिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठातल्या कथित सामूहिक बलात्कारावर मोठा लेख छापला. तो जवळजवळ एकाच व्यक्तीच्या सांगण्यावर उभा होता, ज्यांच्याकडून पडताळणी होऊ शकली असती त्यांच्यापर्यंत वार्ताहर पोहोचलीच नव्हती, आणि एप्रिल २०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाच्या अहवालानंतर लेख मागे घ्यावा लागला. दोन्हीकडे दोष एकच आहे: एका माणसाच्या शब्दावर सगळा भार.

आपल्याकडे मराठी वृत्तपत्रांत स्वतंत्र तथ्यतपासनीस सहसा नसतोच. ते काम उपसंपादक करतो, वेळ असेल तर. त्याच्या जागी वेगळीच प्रथा रूढ आहे: गायक किंवा त्यांचे शिष्य नम्रपणे म्हणतात, ‘छापण्याआधी एकदा नजरेखालून घालू द्या.’ माझा नियम असा की, विधाने, सनावळ्या, रागांची आणि माणसांची नावे वाचून दाखवायची, लेख दाखवायचा नाही. विधान चुकीचे ऐकले असेल तर दुरुस्त करायचे. नंतर अडचणीचे वाटू लागले म्हणून काढायचे नाही. बुजुर्गांसमोर हे सांगताना जीभ अडखळते, पण एकदा सांगितले की पुढच्या वेळी सोपे जाते.

विल्यमचे गुण मी कापतो ते पेनी लेनच्या, म्हणजे बँडसोबत फिरणाऱ्या मुलींपैकी एकीच्या बाबतीत. पत्त्यांच्या डावात ५० डॉलर आणि बिअरच्या एका खोक्यावर तिला आणि तिच्या मैत्रिणींना दुसऱ्या बँडकडे सोपवले जाते, हे त्याला ठाऊक असते. तो बराच काळ गप्प राहतो आणि अखेर तिच्यावरच्या प्रेमापोटी, रागाच्या भरात ते तिला सांगून टाकतो. पेनी साकारणाऱ्या केट हडसन यांचा त्या क्षणीचा चेहरा, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर बिअर कोणती होती हा प्रश्न, विसरता येत नाही. पण वार्ताहर म्हणून त्याने या माहितीचे काय केले? लेखात ती आली का, हे चित्रपट सांगत नाही. दोघे एकमेकांना वय विचारतात आणि आकडा १८ वरून एकेक पायरी खाली येतो, त्या गोड दृश्यात पेनीचे वयही अल्पवयीन पोरीचेच निघते. आजचा कोणताही जबाबदार संपादक म्हणेल की बातमी इथे आहे, गिटारवादकाच्या अहंकारात नाही. त्या काळाला ते दिसत नव्हते. ‘रोलिंग स्टोन’ने फेब्रुवारी १९६९ मध्ये बँडमागे फिरणाऱ्या मुलींवर खास अंक काढला होता आणि त्याचा सूर कौतुकाचा होता. क्रो २००० साली मागे वळून पाहताना अर्ध्या वाटेवर थांबतात: मुलींना मन देतात, पुरुषांना लाज देतात, पण जाब मात्र कोणाला विचारत नाहीत. चित्रपट मला अतिशय आवडतो, तरी ही तक्रार कायम आहे.

तेव्हा गुण विचारलेत तर: निरीक्षणाला पैकीच्या पैकी, लेखाच्या रचनेला जवळपास तितकेच, मुलाखतीच्या नियोजनाला नापास, आणि काय छापायचे याच्या निवडीबद्दल निकाल राखीव.

शेवटी तुम्ही विचारले आहे की कोणती आवृत्ती पाहावी. चित्रपटगृहांत आलेली आवृत्ती १२२ मिनिटांची आहे. तिला मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले, पण सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून ती तेवढे पैसेही परत आणू शकली नाही. नंतर आलेली लांब आवृत्ती सुमारे ४० मिनिटांनी मोठी आहे. प्रथम पाहणाऱ्याने छोटी पाहावी; अभ्यास करणाऱ्याने लांब पाहावी, कारण कामाचे कंटाळवाणे तपशील, वाट पाहणे, फुकट गेलेले तास तिच्यात अधिक आहेत. तिच्यातच रात्रीच्या एका आकाशवाणी मुलाखतीचा प्रसंग आहे: बँड माइकसमोर बसलेला आहे आणि मुलाखत घेणारा निवेदक बोलता बोलता झोपी जातो. तो जागा होत नाही हे लक्षात आल्यावर मंडळी थेट प्रक्षेपणात काय काय बोलून घेतात, ते मी सांगत नाही.